युरोपात ट्रेलरवरचा माल कसा बांधावा: नव्याने जाणाऱ्या चालकांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. पोलंड आणि लिथुआनियातील वाहतूक कंपन्याही गेली काही वर्षे भारतीय चालकांना कामावर घेत आहेत. परवाना, व्हिसा आणि पगार यांची माहिती इच्छुक चालकाला कोणाकडून ना कोणाकडून मिळते. ट्रेलरवर चढलेला माल कसा बांधायचा, हे मात्र पुष्कळांना तिथे गेल्यावर, आणि कधी कधी रस्त्यावरच्या पहिल्या तपासणीतच कळते. हा लेख तेवढ्या एका विषयापुरता आहे.

आपल्याकडे माल भरून झाला की हमाल आणि क्लीनर मिळून दोर आवळतात, वरून ताडपत्री पडते आणि उरलेले काम हौद्याचे फाळके करतात. युरोपात गाडीवर क्लीनर नसतो. सर्वाधिक दिसणाऱ्या ट्रेलरला बाजूचे फाळके नसून नुसते पडदे असतात आणि साध्या दोराला बांधणीचे साधन म्हणून कोणी मोजत नाही, कारण तो किती ताण सोसतो हे सांगणारे लेबल त्यावर नसते. शिवाय महामार्गावर ४० टनांची गाडी ताशी ८० ते ९० किलोमीटर वेगाने तासन्‌तास धावत असते आणि पुढे अचानक वाहतूक थांबली की तिला तितक्याच झटक्यात थांबावे लागते. बांधणीचा सगळा विचार त्या एका क्षणासाठी करायचा असतो.

नियम काय मागतो आणि कोणाकडून मागतो

जर्मनीच्या रस्ते वाहतूक नियमावलीतील कलम २२ हा या विषयाचा चांगला आरंभबिंदू आहे. माल आणि तो बांधण्याची साधने अशी रचावीत व बांधावीत, की जोराचा ब्रेक लागला किंवा गाडी एकाएकी बाजूला घ्यावी लागली तरीही माल सरकणार नाही, कलंडणार नाही, घरंगळणार नाही, खाली पडणार नाही आणि टाळता येण्याजोगा आवाजही करणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे जोराचा ब्रेक हा अपघाताचा अपवाद नसून रोजच्या वाहतुकीचाच भाग आहे, असे कायदा धरून चालतो; ‘मी सावकाश चालवतो’ हे उत्तर तपासणी अधिकाऱ्यापुढे टिकत नाही.

किती जोर धरायचा, हे ईएन १२१९५-१ या युरोपीय मानकात दिलेले आहे. मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेने, ०.५ पट दोन्ही बाजूंना आणि ०.५ पट मागच्या दिशेने, इतका जोर बांधणीने सोसला पाहिजे. १० टनांचा माल असेल, तर ब्रेक लागल्यावर तो ८ टन वजनाच्या बरोबरीने पुढच्या भिंतीकडे ढकलला जातो असे समजून तयारी करायची. ‘माल जड आहे, जागचा हलणार नाही’ हा आपल्याकडचा सर्वसाधारण समज इथे सोडून द्यावा लागतो, कारण वजन जितके वाढते तितकाच त्याला पुढे ढकलणारा जोरही वाढतो.

जबाबदारी एकट्या चालकाची नसते. जर्मनीच्या व्यापार कायद्यातील कलम ४१२ नुसार, वेगळे काही ठरलेले नसल्यास, माल प्रवासात टिकेल अशा रीतीने भरण्याची आणि रचण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची असते, तर भरलेली गाडी रस्त्यावर सुरक्षित चालेल हे पाहणे वाहतूकदाराचे काम असते. गाडीमालक, माल भरणारा आणि चालक या तिघांवरही दंडाची कारवाई होऊ शकते. तरीही रस्त्यावर अडवला जातो तो चालकच, म्हणून माल दुसऱ्याने भरला असला तरी तो पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये.

रस्त्यावरच्या तपासणीचे नियम युरोपीय संघाच्या २०१४/४७ या निर्देशात आहेत आणि ते २० मे २०१८ पासून लागू झाले. त्याचे तिसरे परिशिष्ट केवळ माल बांधणीविषयी असून त्यात दोषांच्या किरकोळ, गंभीर आणि धोकादायक अशा तीन पायऱ्या केलेल्या आहेत. दोष धोकादायक ठरला तर तो दूर होईपर्यंत गाडी पुढे जाऊ देत नाहीत. जर्मनीत ही तपासणी पोलीस करतात, तसेच बाल्म हे संघीय कार्यालयही करते. ब्रिटन संघाबाहेर असला तरी तिथे डीव्हीएसए ही संस्था अशीच तपासणी करते.

पहिली पायरी: रिकामा ट्रेलर पाहून घ्या

माल येण्याआधी ट्रेलरचा मजला झाडून काढा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण मानकानुसार मजला झाडलेला नसेल, किंवा त्यावर गोठलेले दहिवर, बर्फ वा वंगण असेल, तर घर्षणाचा गुणांक (माल आणि मजला यांच्यातली पकड सांगणारा आकडा) ०.२ हून जास्त धरता येत नाही. याचा परिणाम किती मोठा होतो, ते पुढे हिशेबात दिसेल. फुटलेली फळी, वर आलेला खिळा, वाकलेला खांब, फाटलेला पडदा हे सगळे याच वेळी पाहावे.

नंतर पुढची भिंत पाहा. ट्रेलरच्या सांगाड्याची ताकद ईएन १२६४२ या मानकाने ठरते आणि त्यात एल व एक्सएल असे दोन दर्जे आहेत. एल दर्जाची पुढची भिंत ट्रेलरच्या भारक्षमतेच्या ०.४ पट जोर सोसते, पण त्यावर ५,००० डेकान्यूटनची कमाल मर्यादा आहे. एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाइतका जोर. माल बांधण्याच्या पट्ट्यांवरही हेच एकक छापलेले असते, म्हणून त्याची सवय करून घ्यावी. एक्सएल दर्जाची भिंत ०.५ पट जोर सोसते आणि तिला ती मर्यादा नाही. समजा २४ टनांचा माल लाकडी पॅलेटवर असून तो भिंतीला टेकवलेला आहे. घर्षण वजा जाता भिंतीवर ८,२०० डेकान्यूटनच्या वर जोर येतो. एल दर्जाची भिंत एकटी तो सोसू शकत नाही. २७ टन क्षमतेच्या एक्सएल ट्रेलरची भिंत सोसते.

बाजूंचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. एल दर्जाच्या पडद्याच्या ट्रेलरमध्ये पडदा फक्त ऊन-पावसासाठी असतो आणि माल अडवण्याची त्याची ताकद शून्य धरतात. एक्सएल दर्जाच्या ट्रेलरची बाजू भारक्षमतेच्या ०.४ पट जोर सोसते, पण त्यासाठी प्रमाणपत्रात सांगितलेल्या सर्व आडव्या फळ्या जागेवर लावलेल्या असाव्या लागतात आणि माल बाजूला जवळजवळ भिडलेला असावा लागतो. ट्रेलरवर एक्सएलचे चिकटपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. प्रमाणपत्र गाडीत आहे का ते पाहा आणि त्यातल्या अटी वाचा. या फळ्या काढून कोपऱ्यात टाकलेला एक्सएल ट्रेलर तपासणीत एक्सएल धरला जात नाही.

शेवटी मजल्याच्या कडेच्या कड्या पाहा. १२ टनांहून मोठ्या वाहनात ईएन १२६४० नुसार प्रत्येक कडी किमान २,००० डेकान्यूटन सोसणारी असते. वाकलेल्या किंवा तडा गेलेल्या कडीत हुक अडकवू नये.

दुसरी पायरी: माल कुठे ठेवायचा ते ठरवा

दोन आसांचा ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन) आणि तीन आसांचा ट्रेलर अशा जोडगाडीला आंतरराष्ट्रीय वाहतुकीत ४० टनांची मर्यादा आहे. चालक आसावर, म्हणजे इंजिनाचा जोर ज्याला मिळतो त्या आसावर, ११.५ टनांपेक्षा जास्त आणि ट्रेलरच्या तीन आसांवर मिळून २४ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. त्याचबरोबर चालक आसावर एकूण वजनाच्या किमान २५ टक्के भार असलाच पाहिजे, कारण तो हलका झाला तर ओल्या रस्त्यावर चाके पकड सोडतात. एकूण वजन काट्यावर बरोबर भरले म्हणून गाडी नियमात बसली असे होत नाही. २२ टनांची जड यंत्रसामग्री अगदी पुढे रेटली तर चालक आस मर्यादेबाहेर जातो. तीच अगदी मागे ठेवली तर पुढचा भाग हलका होतो. बहुतेक ट्रेलरसाठी भारवाटपाचा आलेख मिळतो. मालाचा गुरुत्वमध्य पुढच्या भिंतीपासून किती अंतरावर असेल तर किती टन भरता येतील, हे तो सांगतो. नव्या ट्रेलरवर जाताना हा आलेख कंपनीकडे मागून घ्यावा.

येथे एक पेच नेहमी पडतो. भारवाटपासाठी माल मध्यावर हवा असतो आणि बांधणीसाठी तो पुढच्या भिंतीला टेकलेला बरा असतो. कमी उंचीचा जड माल भिंतीपासून मागे घ्यावा लागला, तर मधली मोकळी जागा रिकाम्या पॅलेट उभ्या-आडव्या रचून किंवा लाकडी चौकट बसवून भरून काढतात. जागा मोकळी सोडून केवळ पट्ट्यांवर भागवणे हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कच्चा उपाय आहे.

तिसरी पायरी: आधी अडवा, मग आवळा

माल थांबवण्याचे तीन मार्ग आहेत: तो कशाला तरी टेकवून अडवणे, वरून पट्ट्याने आवळून मजल्यावर दाबणे आणि त्याला स्वतःला हुक लावून थेट बांधणे. नव्या चालकाचा हात आधी पट्ट्याकडे जातो. मला तो क्रम उलटा वाटतो. जो माल भिंतीला, शेजारच्या मालाला आणि मागच्या अडसराला भिडलेला आहे त्याला पट्टे थोडे लागतात. जो मधोमध मोकळा उभा आहे त्याला कितीही पट्टे टाकले तरी मन निश्चिंत होत नाही.

युरोपीय पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचे असते आणि १३.६ मीटरच्या ट्रेलरमध्ये मजल्यावर अशी ३३ पॅलेट बसतात. ती पूर्ण भरली तर पुढून-मागून आपोआप अडवली जातात. प्रश्न येतो तो २० किंवा २५ पॅलेटच्या अर्धवट भरतीत. युरोपीय आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणत्याही एका दिशेतील मोकळ्या फटींची बेरीज १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी; पोलाद, काँक्रीट, दगड अशा कठीण मालात तर फट शक्य तितकी कमीच असावी. मोठ्या फटी रिकाम्या पॅलेट, लाकडी ठोकळे किंवा हवेच्या पिशव्या घालून भरा. शेवटच्या ओळीमागे अडसर लावणार असाल, तर तो किती जोर सोसतो हे त्याच्यावरच लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका.

उंच माल सरकण्याआधी कलंडतो. गुरुत्वमध्य मालाच्या बरोबर मध्यावर असेल तर साधी परीक्षा अशी आहे: रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त असावी आणि लांबी उंचीच्या ०.८ पटीहून जास्त असावी. दोन मीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद कपाट या परीक्षेत बाजूला कलंडणारे ठरते. असे नग आडवे ठेवता येत नसतील तर दोन-तीन एकत्र बांधून एकच रुंद गठ्ठा करावा.

पॅलेटवरच्या मालाची स्वतःची बांधणीही पाहा. पातळ प्लॅस्टिकचे एक-दोन वेढे दिलेल्या पॅलेटवर तुम्ही कितीही चोख पट्टा टाकला तरी ब्रेक लागल्यावर पॅलेट जागेवर राहते आणि वरची खोकी पुढे जातात. खोके हाताने ढकलून पाहिले आणि ते पॅलेटवर सहज हलले, तर ते पॅलेट पुन्हा गुंडाळून देण्यास गोदामातच सांगा. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर ते काम कोणी करून देत नाही.

चौथी पायरी: घर्षण वाढवा

वरून टाकलेला पट्टा माल ‘धरून’ ठेवत नाही. तो मालाला खाली दाबतो, दाबामुळे माल आणि मजला यांच्यातले घर्षण वाढते आणि ते घर्षण माल थांबवते. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. घर्षण मुळातच कमी असेल, तर पट्ट्याने दिलेल्या दाबाचा बराचसा भाग वाया जातो.

मानकात निरनिराळ्या जोड्यांचे गुणांक दिले आहेत. ट्रेलरच्या प्लायवूड मजल्यावर कापीव लाकूड असेल तर ०.४५, खाचा असलेल्या ॲल्युमिनियमवर लाकूड असेल तर ०.४०, प्लायवूडवर प्लॅस्टिकचा वेढा टेकत असेल तर ०.३०, आणि मध्ये रबराची घसरणरोधक चटई घातली असेल तर ०.६०. चटई मालाच्या प्रत्येक टेकणाऱ्या भागाखाली यायला हवी. पॅलेटचा एक पाय चटईवर आणि दुसरा मजल्यावर असेल तर ०.६० धरता येत नाही. फोर्कलिफ्टवाला माल खाली टेकवण्याआधी चटया मांडून ठेवा. माल टेकल्यावर त्या सरकवता येत नाहीत आणि सरकवायचा प्रयत्न करताना बोटे सापडतात.

पाचवी पायरी: पट्टा वाचा आणि मोजा

प्रत्येक पट्ट्यावर शिवलेले लेबल असते. पॉलिएस्टरच्या पट्ट्याचे लेबल निळे असते आणि वापरात बहुधा हाच पट्टा असतो. त्यावर तीन आकडे महत्त्वाचे. एलसी म्हणजे सरळ ताणला असता पट्टा सोसू शकेल तो जोर. ५० मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या पट्ट्यावर तो २,५०० डेकान्यूटन असतो आणि वेढा घालून वापरला तर ५,०००. एसएचएफ म्हणजे रॅचेटच्या (पट्टा आवळण्याच्या दातेरी खटक्याच्या) दांड्यावर हाताने दिलेला ५० डेकान्यूटनचा जोर. एसटीएफ म्हणजे तेवढा हात लावल्यावर पट्ट्यात प्रत्यक्ष उरणारा ताण, आणि तो रॅचेटच्या प्रकारानुसार साधारण २५० ते ५०० डेकान्यूटन असतो.

लेबलवर ५,००० वाचून ‘हा पट्टा पाच टन माल धरतो’ असे समजणे ही सर्वांत सर्रास आणि सर्वांत घातक चूक आहे. वरून आवळण्यात एलसीचा आकडा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो एसटीएफ, कारण मालाला खाली दाबतो तो पट्ट्यातला ताण.

आता एक उदाहरण पूर्ण मोजू. ६ टनांची लाकडी पेटी स्वच्छ प्लायवूडवर ट्रेलरच्या मध्यभागी मोकळी उभी आहे. तिचे वजन ५,८८६ डेकान्यूटन. पुढचा जोर ०.८ पट, त्यातून स्वतःच्या वजनाचे घर्षण ०.४५ पट वजा केले की ०.३५ पट, म्हणजे २,०६० डेकान्यूटन उरतात. पुढच्या दिशेसाठी मानक १.२५ चा सुरक्षा गुणक लावते, तेव्हा २,५७५. ज्याचा एसटीएफ ५०० आहे असा पट्टा पेटीवरून सरळ खाली गेला तर दोन्ही बाजूंनी मिळून १,००० डेकान्यूटनने दाबतो आणि त्याचे घर्षण ४५० होते. २,५७५ ला ४५० ने भागले की ५.७ येतात, म्हणजे सहा पट्टे.

हीच पेटी, हाच पट्टा, पण खाली रबरी चटई घातली तर तीन पट्ट्यांत काम होते. एसटीएफ २५० चा स्वस्त रॅचेट वापरला तर चटईशिवाय बारा लागतात. मजल्यावर दहिवर असून गुणांक ०.२ धरावा लागला तर तेवीस पट्टे लागतात, म्हणजे व्यवहारात ते अशक्यच; झाडू आणि चटई यांचे मोल यावरून कळते. पेटी बुटकी आणि रुंद असून पट्टा मजल्याशी ९० अंशांऐवजी ३० अंशांचा कोन करत असेल तर त्याचा दाब निम्मा होतो आणि सहाचे बारा होतात. आणि पेटी पुढच्या भिंतीला नीट टेकवली तर पुढचा प्रश्न भिंत सोडवते. बाजूंसाठी व मागच्या दिशेसाठी हिशेबाने एक पट्टा पुरतो, पण एकाच पट्ट्यावर पेटी बाजूला फिरू शकते म्हणून दोन टाकावेत.

हा हिशेब रोज कागदावर करायची गरज नाही. अनेक पट्टे उत्पादकांचे तक्ते आणि मोबाइल ॲप उपलब्ध आहेत. पण एकदा तरी तो स्वतःच्या हाताने करून पाहा, म्हणजे तक्ता चुकीच्या रकान्यात वाचला तर लगेच खटकेल.

पट्टा लावताना रॅचेटच्या मधल्या दांड्याच्या खाचेतून टोक ओवून आधी हातानेच पूर्ण ढिलाई ओढून घ्या, मग दांडा चालवा. दांड्यावर पट्ट्याचे किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे यावेत. कमी असतील तर पट्टा निसटू शकतो, जास्त असतील तर रॅचेट जाम होते आणि सोडताना अडते. पट्ट्याला पीळ नसावा, गाठ तर कधीच नसावी. दांड्याला पाइप लावून ताण वाढवू नये, कारण रॅचेट हाताच्या जोरासाठी बनवलेले असते. मालाच्या प्रत्येक कडेवर कोपऱ्याचे संरक्षक ठेवा: ते पट्टा कापला जाण्यापासून वाचवतात आणि ताण दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचू देतात. कडेवर घर्षण झाल्यामुळे रॅचेटच्या बाजूला ताण जास्त आणि पलीकडे कमी असतो, म्हणून एक रॅचेट डावीकडे, पुढचे उजवीकडे असे आलटून पालटून लावतात.

लेबल नसलेला, वाचता न येणारा, कडेला रुंदीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त कापलेला, शिवण उसवलेला किंवा रसायनाने कडक झालेला पट्टा तपासणीत बाद होतो. तो गाडीत ठेवूच नका. ठेवला की घाईच्या वेळी नेमका तोच हाती लागतो.

जड यंत्रे, पोलादाची गुंडाळी आणि घातक माल

खोदयंत्र किंवा फोर्कलिफ्टसारखा चाकांचा माल वरून आवळून थांबत नाही. त्याला साखळ्यांनी थेट बांधावे लागते. इथे मात्र एलसीचा आकडा चालतो. आठव्या श्रेणीच्या साखळीत ८ मिलिमीटर जाडीला ४,००० डेकान्यूटन, १० मिलिमीटरला ६,३०० आणि १३ मिलिमीटरला १०,००० अशी ताकद धरतात. चार कोपऱ्यांना तिरप्या चार साखळ्या लावाव्यात, त्याही यंत्राच्या उत्पादकाने दिलेल्या कड्यांनाच. बकेट खाली टेकवावी, हातब्रेक लावावा, चाकांना पाचरी माराव्यात. साखळी कितीही मजबूत असली तरी ट्रेलरची कडी २,००० डेकान्यूटनची असेल, तर हिशेब कडीचाच धरायचा.

पोलादाच्या गुंडाळ्या, कागदाची रिळे आणि काँक्रीटचे भाग यांसाठी वेगळ्या रचना असतात आणि गुंडाळ्यांसाठी मजल्यात खोबण असलेले खास ट्रेलर वापरतात. अशा मालावर नव्या चालकाने पहिली काही भरणे अनुभवी सहकाऱ्याबरोबरच करावीत असे माझे ठाम मत आहे. घातक मालासाठी एडीआर, म्हणजे अशा मालाच्या रस्ता वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, प्रशिक्षण अनिवार्य आहे. बांधणी ईएन १२१९५-१ प्रमाणे केली असेल तर ती एडीआरच्या अटीतही बसते.

सहावी पायरी: निघण्याआधी कागद आणि छायाचित्रे

आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीत आपल्या बिल्टीच्या जागी सीएमआर पावती असते. तिचा आधार १९५६ मध्ये जिनिव्हात झालेला करार आहे. नेहमीच्या छापील नमुन्यात १८ क्रमांकाचा रकाना वाहतूकदाराच्या हरकतींसाठी राखलेला असतो. पॅलेट फाटलेले होते, वेढा सैल होता, माल मोजू दिला नाही, ट्रेलर आधीच सीलबंद होता आणि आतली बांधणी पाहता आली नाही, यांपैकी जे असेल ते त्या रकान्यात लिहा आणि शक्य तर माल भरणाऱ्याची सही घ्या. पडदे लावण्याआधी प्रत्येक ओळीची, पट्ट्यांच्या लेबलांची आणि पुढच्या भिंतीजवळच्या जागेची छायाचित्रे काढून ठेवा.

गोदामातला माणूस ‘बाकीचे चालक दोन पट्ट्यांवर नेतात’ असे सांगेल. भाषा अडखळत असते, मागे दुसरी गाडी उभी असते, आणि परदेशात नवे असताना नाही म्हणायला धीर होत नाही, हे मी समजू शकतो. तरीही बांधणी अपुरी असेल तर गाडी हलवू नका. वाहतूक नियोजकाला फोन करा, छायाचित्रे पाठवा आणि उत्तर लेखी संदेशात मागा. ‘माल असुरक्षित आहे, मी निघू शकत नाही’ एवढे एक वाक्य त्या देशाच्या भाषेत जाण्याआधीच शिकून ठेवा. पट्टे कमी पडत असतील तर ते मागण्यात कमीपणा नाही.

सातवी पायरी: वाटेत आणि उतरवताना

निघाल्यावर थोड्याच किलोमीटरनंतर, पहिल्या सुरक्षित थांब्यावर, पट्टे हाताने दाबून पाहा. माल बसतो, पुठ्ठा चेपतो, पिशव्यांतली हवा कमी होते आणि पट्टे सैल पडतात. लाकूड आणि गोण्या यांत हे विशेष होते. नंतर प्रत्येक विश्रांतीच्या वेळी, तसेच जोराचा ब्रेक लागल्यावर किंवा गाडीला मोठा झटका बसल्यावर पुन्हा पाहा. तपासणीसाठी अडवले तर अधिकाऱ्याला मजल्याची अवस्था, पट्ट्यांची लेबले, भिंतीचा दर्जा आणि फटी दाखवाव्या लागतात. घाबरून न जाता कागद हातात ठेवावेत आणि विचारल्याशिवाय स्वतः पट्टे सोडू नयेत.

एकाहून जास्त ठिकाणी माल उतरवायचा असेल तर प्रत्येक ठिकाणी बांधणी नव्याने करावी लागते. मागच्या १२ पॅलेट उतरल्या की पुढच्या पॅलेटना मागून अडवणारे काही उरत नाही आणि आसांवरचा भारही बदलतो; त्यामुळे अडसर पुढे आणा, पट्टे नव्याने टाका आणि गरज पडली तर फोर्कलिफ्टने एखादी ओळ मध्याकडे सरकवून घ्या. या कामाला वेळ लागतो. पुढची वेळ ठरवताना तो आधीच धरून ठेवा.

उतरवण्याच्या ठिकाणी पडदा उघडण्याआधी तो बाहेरून पाहा. पडदा कुठे फुगलेला दिसत असेल तर माल त्यावर रेललेला आहे, आणि बकल सुटताच तो अंगावर येऊ शकतो. अशा वेळी त्या बाजूला उभे न राहता दुसऱ्या बाजूचा पडदा उघडा, गोदामातल्या माणसाला बोलवा आणि फोर्कलिफ्टने माल धरल्याशिवाय बकलला हात लावू नका. रॅचेट सोडतानाही हेच: आधी माल सरळ उभा आहे ना ते पाहा, मगच दांडा पूर्ण उघडा. हेल्मेट, पोलादी टोकाचे बूट, हातमोजे आणि चमकणारे जाकीट हे पुष्कळ गोदामांत लागते, पण ते अंगावर आहे म्हणून कलंडत्या मालासमोर उभे राहता येत नाही.

काम झाल्यावर पट्टे गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा, ओले असतील तर वाळवून ठेवा, चटयांवरची माती झटका आणि खराब झालेला पट्टा त्याच दिवशी कंपनीला कळवून बदलून घ्या.